चुनखडीचा माळ आणि आपलं 'पडीक' डोकं

आपल्या मासिकाच्या मराठी विभागात पहिला पाऊस, पहिलं प्रेम, लोकलची गर्दी आणि मेसची भाजी या चार विषयांना कधी दुष्काळ पडत नाही. मी मात्र मातीवर लिहिणार आहे. पान उलटू नका! सिव्हिलवाल्यांना वाटेल की इथेही सबमिशन आलं, आणि कॉम्प्युटरवाले म्हणतील, आमचा काय संबंध? संबंध आहे. आपल्या हॉस्टेलमध्ये सांगोला, जत, माण, आटपाडी, भूम-परांडा, नगरकडचं कर्जत (आपलं लोकलवालं नव्हे!) अशा ठिकाणांहून आलेली कितीतरी मुलं-मुली आहेत. त्यांच्या गावाबाहेर जो मोठा उघडा माळ असतो, त्याला सरकारी कागदावर आणि आपल्या बोलण्यातही एकच शब्द आहे: 'पडीक'.

माझं म्हणणं एवढंच, की तो माळ पडीक नाही. तो ज्या कामासाठी हजारो वर्षांत तयार झालाय ते काम आपण त्याला करू देत नाही. भलत्याच विषयाच्या परीक्षेला बसवतो आणि नापास झाला की शिक्का मारतो. हे दुःख आपल्याइतकं कुणाला कळणार?

मी उल्हासनगरची. शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये, त्यामुळे 'रेगूर सॉइल' हा शब्द पाठ होता. पण मुरमाड, बरड, चोपण, शेडवट हे सगळे शब्द मी हॉस्टेलच्या मैत्रिणींकडून शिकले. आपल्याकडे मातीसाठी किती शब्द आहेत बघा! गावाची जमीन म्हणजे 'काळी' आणि गावठाण म्हणजे 'पांढरी', ही विभागणी तर जुनीच. ज्या भाषेत माती ओळखायला इतके शब्द आहेत, त्या भाषेत माळासाठी एकच शब्द का उरावा?

गेल्या सेमिस्टरला सॉइल मेकॅनिक्सच्या लॅबसाठी आम्हाला आपापल्या भागातली माती आणायला सांगितली होती. सांगोल्याकडच्या मैत्रिणीने श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात गावच्या माळावरची माती आणली. आम्ही कॉलेजमागच्या टेकडीवरची तांबूस माती घेतली. सरांनी दोन्हींवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे चार थेंब टाकले. आपली माती गप्प बसली. सांगोल्याची माती मात्र इनो घातल्यासारखी फसफसली! तो फेस म्हणजे कार्बन डायऑक्साइड. मातीत कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजेच चुनखडी, आहे याची ती सगळ्यात सोपी आणि स्वस्त खूण.

गंमत अशी, की या दोन्ही मातींचा आजोबा एकच आहे. बदलापूरचा डोंगर आणि सांगोल्याचा माळ दोन्ही बेसॉल्टचे, आपल्या काळ्या पाषाणाचे. साधारण सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी थरावर थर पसरलेल्या लाव्ह्याचा हा खडक. अंबरनाथचं शिवमंदिर याच दगडात घडवलंय. तिथल्या शिलालेखात शके ९८२ म्हणजे इ.स. १०६० हे साल आहे. या खडकात प्लॅजिओक्लेज फेल्डस्पार नावाचं खनिज असतं आणि त्यात कॅल्शियम असतं. पावसाचं पाणी हवेतला आणि मुळांनी मातीत सोडलेला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आंबट होतं. आपल्या सोड्याच्या बाटलीसारखंच, फक्त खूपच सौम्य. ते खडक झिजवतं, त्यातलं कॅल्शियम सोडवतं आणि बायकार्बोनेटच्या रूपात आपल्याबरोबर घेऊन निघतं. इथपर्यंत बदलापूर आणि सांगोला सारखेच. फरक पुढे पडतो, आणि तो पावसाने पडतो.

आपल्याकडे वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. एवढं पाणी कॅल्शियमला मातीत थांबूच देत नाही. ओढ्याओहोळांतून उल्हास नदीत आणि तिथून वसईच्या खाडीत नेऊन सोडतं. मागे उरतात लोहाची आणि अॅल्युमिनियमची ऑक्साइडं. माथेरानची लाल माती आणि जांभा म्हणजे हेच उरलेलं. सांगोला, माण, जत या पट्ट्यात पाऊस वर्षाला साधारण पाचशे मिलिमीटर. २६ जुलै २००५ ची गोष्ट आपल्या घरोघरी अजून सांगतात. त्या वेळी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. म्हणजे सांगोल्याचा जवळजवळ दोन वर्षांचा पाऊस एका दिवसात!

तर त्या पाचशे मिलिमीटरमधलं जे पाणी मुरतं, ते कॅल्शियम घेऊन हात-दोन हात खाली जातं आणि तिथेच अडकतं. पुढे जायला मागून पाणीच येत नाही. वरून ऊन, आतून मुळं, दोघं मिळून ते पाणी ओढून घेतात. पाणी गेलं, कार्बन डायऑक्साइड निसटला, की कॅल्शियम कार्बोनेट जागच्या जागी बसतं. आधी मुळांच्या भोकांतून पांढरे धागे दिसतात. मग हरभऱ्याएवढे, सुपारीएवढे खडे तयार होतात. मग खडे एकमेकांना चिकटतात आणि हजारो वर्षांनी पहारीलाही दाद न देणारा थर होतो. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोच्या कोरड्या भागात गाइल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये याच्या चार पायऱ्या लिहून ठेवल्या. त्याआधी १९३४ मध्ये हान्स जेनी आणि लिओनार्ड यांनी अमेरिकेतल्याच गवताळ मैदानांवर दाखवून दिलं होतं, की पाऊस वाढत जातो तसा हा चुन्याचा थर खोल खोल जातो. म्हणजे जमिनीत किती खाली चुनखडी लागते, ही त्या जागेच्या पावसाची जमाखर्चाची वही आहे. हवामान खात्याचा पर्जन्यमापक शे-दीडशे वर्षांचा, ही वही हजारो वर्षांची.

आणि हा चुना काही फक्त सोलापूरकडचा नाही. सिंधू नदीच्या गाळाची जमीनही अशीच चुनखडीची आणि पाऊस तिथे याहून कमी. १९४७ नंतर कल्याण कॅम्पात आलेली आणि ८ ऑगस्ट १९४९ ला ज्यांच्या वसाहतीचं नाव उल्हासनगर झालं ती सिंधी कुटुंबं अशाच कोरड्या मुलखातून आली होती. आमच्या शेजारच्या आजींच्या सासरी मातीला जांभळा-तांबडा रंग माहीतच नव्हता!

आता या मातीचे गुण बघू, कारण 'पडीक'चा शिक्का तिथूनच येतो. पहिला गुण सामू, म्हणजे आपला पीएच. कॅल्शियम कार्बोनेट असलं की तो साधारण आठच्या वर, ८.३ च्या आसपास येऊन बसतो आणि हलत नाही. थोडं आम्ल घाला, चुना ते गिळून टाकतो. या सामूला लोह जवळजवळ विरघळतच नाही. सामू एकने वाढला की विरघळलेलं फेरिक लोह हजारपट कमी होतं. मातीत लोह भरपूर, पण झाडाच्या हाती काही नाही. बँकेत पैसे आहेत आणि एटीएम बंद! मग पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा पडतो. उसावर हे दिसलं की शेतकरी म्हणतात, केवडा पडला. जस्ताचंही असंच होतं. स्फुरदाचं खत टाकलं तर कॅल्शियम त्याला पकडून बसतं. म्हणजे शेतकरी दुकानात पैसे मोजतो आणि खत चुन्याच्या खात्यात जमा होतं. मातीनेच चुना लावला म्हणायचं!

दुसरा गुण जास्त गंभीर आहे आणि तो आपल्या महाराष्ट्रातच नीट अभ्यासला गेलाय. नागपूरला १९७६ पासून नॅशनल ब्यूरो ऑफ सॉइल सर्वे अँड लँड यूज प्लॅनिंग ही संस्था आहे. तिथल्या डी. के. पाल आणि तापस भट्टाचार्य यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी कोरड्या भागातल्या काळ्या जमिनींबद्दल दाखवलं, की कॅल्शियम चुनखडीत अडकत गेलं की चिकणमातीच्या कणांभोवती सोडियमचं प्रमाण वाढत जातं. सोडियम वाढला की कण एकमेकांपासून सुटे होतात, भोकं बुजतात, पाणी मुरेनासं होतं आणि जमीन चोपण होते. म्हणजे हवामान कोरडं असलं तर जमीन कुणी हात न लावताही हळूहळू बिघडू शकते. तिच्यावर चुकीचं पाणी आणि चुकीचं पीक लादलं तर त्याला वेगच येतो.

इथे एक इंजिनिअरिंगची गंमत सांगितलीच पाहिजे. आपण सिव्हिलवाले काळ्या मातीला घाबरतो, कारण ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरचा रस्ता मोडते. यावर आपला उपाय काय? चुना मिसळा! इंडियन रोड्स काँग्रेसची त्यावर मार्गदर्शक पुस्तिका आहे. मैत्रिणीने व्हायवाच्या आदल्या रात्री विचारलं, "आमच्या जमिनीत चुना आहे म्हणून आम्ही रडतो, आणि तुम्ही विकत आणून घालता?" प्रश्न बिनतोड आहे. उत्तर असं, की मराठीत दोन्हीला आपण चुनाच म्हणतो, पण पदार्थ वेगळे आहेत. रस्त्यात घालतात तो भाजलेला किंवा विरवलेला चुना, म्हणजे कॅल्शियमचं ऑक्साइड किंवा हायड्रॉक्साइड. तो चिकणमातीशी रासायनिक क्रिया करतो आणि सिमेंटसारखा बांधतो. माळातला चुना म्हणजे कार्बोनेट, स्वस्थ बसणारा. त्याला भट्टीत ९०० अंशांच्या आसपास भाजलं तरच तो कामाचा चुना होतो. पूर्वी हेच खडे भाजून, घाणीत मळून आपल्या पूर्वजांनी वाडे आणि तटबंद्या बांधल्या. म्हणजे दोष चुन्यात नाही. कुठला चुना, कुठे आणि कशासाठी, हे न विचारण्यात आहे.

मग या माळाचं खरं काम काय? गवत! कुसळी, मारवेल, पवन्या. गवताची बरीचशी मुळं वरच्या हातभर मातीत पसरतात, चुन्याच्या थराशी त्यांचं फारसं भांडण नसतं. शिवाय गवताच्या कुळाकडे एक खास युक्ती आहे. १९७६ मध्ये ताकागी या जपानी शास्त्रज्ञाने दाखवलं, की या कुळातल्या वनस्पती मुळांतून असे पदार्थ सोडतात जे चुनखडीच्या मातीतूनही लोह पकडून आणतात. डाळिंबाकडे, संत्र्याकडे ही युक्ती नाही. ती झाडं मुळाशी आम्ल सोडून लोह मिळवायला बघतात आणि ते आम्ल चुना गिळून टाकतो. प्रत्येक गवताची ताकद सारखी नसते हे खरं, नाहीतर गवताच्याच कुळातल्या उसावर केवडा पडला नसता. पण माळावर हजारो वर्षं टिकलेल्या गवताने ही परीक्षा केव्हाच पास केलेली आहे, तीसुद्धा एटीकेटी न घेता!

आणि या गवतावर किती जण जगतात! नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ चं. माळढोक, माळटिटवी, या पक्ष्यांच्या नावातच माळ आहे. नान्नजला माळढोक दिसणं आता संपल्यातच जमा आहे. पण लांडगा, काळवीट, चंडोल अजून याच गवताच्या आधाराने राहतात. रेहेकुरीचा काळवीट आणि सुप्याजवळच्या मयूरेश्वरचा चिंकारा याच मुलखातले. आणि धनगरांची मेंढरं! दिवाळीनंतर घाट उतरून ठाणे-रायगडच्या भातखाचरांत जी मेंढरं बसवायला येतात, ती पावसाळ्यात याच देशावरच्या माळांवर चरलेली असतात. म्हणजे सांगोल्या-पारनेरकडचं गवत लेंड्यांच्या रूपाने आपल्याकडच्या भाताला मिळतं. ज्या जमिनीचं उत्पन्न चालत चालत घाट ओलांडतं ती पडीक कशी?

पण केंद्र सरकारचा जो पडीक जमिनींचा नकाशासंग्रह निघतो, त्यात झुडपी माळ, झुडपं असो वा नसो, पडीक जमिनीतच मोजला जातो. एकदा पडीक म्हटलं की ती भरण्याची घाई सुटते. राज्यात २०१६ मध्ये दोन कोटी, २०१७ मध्ये चार कोटी, २०१८ मध्ये तेरा कोटी आणि २०१९ मध्ये तेहतीस कोटी झाडांचं उद्दिष्ट होतं. झाडं लावायला माझा विरोध नाही. कॉलेजच्या एन.एस.एस.मधून मीही बदलापूरच्या टेकडीवर रोपं लावली आहेत आणि इथल्या पावसात त्यातली बरीच जगलीही. पण तोच खड्डा, तेच रोप, तेच माप उचलून सांगोल्याच्या माळावर न्यायचं म्हणजे एकाच प्रश्नपत्रिकेवर सगळ्या ब्रँचची परीक्षा घेण्यासारखं आहे. मैत्रिणीच्या गावच्या गायरानावर यंत्राने चर खोदले. वरची वीतभर चांगली माती खाली गाडली गेली आणि खालचा पांढरा चुना वर आला. रोपं दुसऱ्या उन्हाळ्यात वाळली. गवत तर त्याआधीच गेलं होतं. तिच्या आजोबांच्या मेंढ्या आता चार कोस लांब जातात. नुकसान कुणाच्या वहीत लिहायचं? कागदावर तर तिथे आधीही काही नव्हतं आणि नंतरही काही नाही!

कुणी म्हणेल, माळाची वाट शेळ्यामेंढ्यांनीच लावली आहे. यात थोडं तथ्य आहे. चरून चरून उघडा पडलेला माळ पावसात धुपतो, वरची माती वाहून जाते आणि चुन्याचा थर पांढऱ्या डागांसारखा वर दिसू लागतो. पण याचा उपाय आहे गवताला उसंत देणं: माळाचे भाग पाडून आळीपाळीने चराई बंद ठेवणं, उघड्या जागी तिथल्याच गवताचं बी टाकणं. झाडच हवं असेल तर बोर, हिवर, बाभूळ आहेत. ती लावा, पण गवत जिथे चांगलं आहे ती जागा सोडून. कुणी म्हणेल, मग सौर प्रकल्प कुठे करायचे? जरूर करा. आपण इंजिनिअर, वीज आपल्यालाही हवी. पण गायरान 'मोकळं आहे' म्हणून उचलू नका. ते कुणाचं तरी कुरण आहे हे आधी नोंदवा.

माझी मागणी अगदी छोटी आहे. १९ फेब्रुवारी २०१५ ला केंद्राची मृदा आरोग्य पत्रिका योजना सुरू झाली. त्या पत्रिकेत बारा गोष्टी मोजायच्या ठरल्या: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मंगल, बोरॉन, सामू, विद्युत वाहकता आणि सेंद्रिय कर्ब. मुक्त चुना त्या बारांत नाही! कृषी विद्यापीठाची प्रयोगशाळा मागितल्यावर तो मोजून देते, पण मागायचं हे कळायला आधी माहीत तर पाहिजे. ज्या मुलखात सगळा खेळ चुना करतो तिथल्या पत्रिकेत चुन्याचाच रकाना नसावा, हे मार्कशीटवर सगळे विषय असून रोल नंबर नसण्यासारखं आहे. तेरावा रकाना 'मुक्त चुना' हवा. आणि माळावर चर, खड्डा, फळबाग, पॅनेल काहीही करण्याआधी दोन आकडे लिहिलेच पाहिजेत: चुन्याचा थर किती खोल आहे आणि वर माती किती आहे. यासाठी उपग्रह लागत नाही. कुदळ, टेप आणि आम्लाची छोटी बाटली पुरते.

आणि हे काम आपण करू शकतो! दिवाळीच्या सुट्टीत घरी जाल तेव्हा गावच्या माळावर, ग्रामपंचायतीला विचारून, एक फूटभर रुंद आणि मीटरभर खोल खड्डा घ्या. दर वीतभर अंतराने थोडी माती काढून पिशवीवर खोली लिहा. लॅबमध्ये सरांच्या देखरेखीखाली आम्लाचे थेंब टाकून कुठून फसफस सुरू होते ते बघा. खड्डा आठवणीने बुजवा, नाहीतर कुणाचं तरी मेंढरू पडायचं! अशा दहा-वीस गावांच्या नोंदी जमल्या तर आपल्या डिपार्टमेंटच्या भिंतीवर एक नकाशा लागेल. नेटवरून उतरवलेल्या प्रोजेक्टपेक्षा तो नक्कीच जास्त कामाचा असेल. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला विषय मिळत नाही म्हणून रडणाऱ्यांनी तर ही संधी सोडूच नये. स्टाफरूमला माझी विनंती आहे, की याला टर्मवर्कचे थोडे मार्क द्या. मार्क असले की आम्ही खड्डेच काय, विहिरीही खणू!

उद्या आपल्यापैकी कुणीतरी जिल्हा परिषदेत, जलसंधारणात, नाहीतर एखाद्या कंपनीत साइट इंजिनिअर होईल. समोर नकाशा येईल, त्यावर एक पिवळा तुकडा असेल आणि बाजूला लिहिलेलं असेल 'पडीक'. त्या दिवशी सही करण्याआधी फक्त एवढं विचारा: इथल्या मातीवर आम्ल टाकून पाहिलं का, आणि इथे मेंढरं कुणाची चरतात? हे दोन प्रश्न विचारायला डिग्रीसुद्धा लागत नाही. पण डिग्रीवाल्याने विचारले तर जेसीबी थांबतो.